परदेशात कंपनी कुठल्या देशात काढायची? आधी चांदीपला बसून हा हिशोब करा



मागच्या व्हिडिओत दुबई, सिंगापूर, अमेरिका असा आपण धावता फेरफटका मारला. वीस मिनिटांत हा विषय बसत नाही, आकडे तर अजिबात बसत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

जे पहिल्यांदाच इथे आलेत त्यांच्यासाठी सांगते. माझं चांदीपला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे मसालेवाले, पापड-लोणचीवाले, फरसाणवाले, इमिटेशन दागिन्यांचे गाळेवाले. आता अशा दुकानात परदेशातल्या कंपनीचा विषय कुठून आला? तो असा येतो. पाउच छापायला आलेला माणूस विचारतो, "ताई, याच्यावर अरबीत मजकूर छापता येईल का?" पुढच्याच मिनिटाला मोबाईल पुढे करतो. त्यावर जाहिरात असते: तीन दिवसांत कंपनी, शंभर टक्के मालकी, शून्य टक्के टॅक्स. आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "काढू का?"

या 'काढू का'च्या मागे बहुतेक वेळा आईवडिलांची एफडी असते, नाहीतर जमिनीचा आलेला पैसा असतो. त्यामुळे उत्तर घाईत द्यायचं नाही.

कंपनी कुठल्या देशाच्या कायद्याखाली जन्माला घालायची, याला कागदावर ज्युरिसडिक्शन निवडणं म्हणतात. सगळे सुरुवात इथूनच करतात. माझ्या मते हा चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधी तीन येतात: गिऱ्हाईक कुठे आहे, पैसा कुठून निघून कुठे येणार, आणि तुम्ही स्वतः राहणार कुठे. या तिघांची उत्तरं पक्की झाली की देश बहुतेक वेळा आपोआप ठरतो. टॅक्सचा दर त्यानंतर बघायचा.

गिऱ्हाईक कुठे आहे?

मराठी माणसानं परदेशात दुकान टाकल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. 'मसाला किंग' धनंजय दातार. त्यांचे वडील महादेव दातार यांनी १९८४ मध्ये दुबईच्या बर दुबई भागात छोटं किराणा दुकान टाकलं, मुलगा विशीत असताना त्यात आला, आणि त्यातून आजची अल अदिल ट्रेडिंग उभी राहिली.

आता त्या काळचा कायदा बघा. त्याच १९८४ साली यूएईचा कंपनी कायदा आला. मेनलँडवर, म्हणजे मुख्य शहरात, कंपनी काढायची तर किमान ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा, असा त्यात नियम होता. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जेबेल अली फ्री झोन सुरू झाला. तिथे बाहेरच्या माणसाला पूर्ण मालकी. कागदावर बघितलं तर कुणीही म्हणेल, फ्री झोनच बरा! पण हळद, पोहे, गोडा मसाला घ्यायला येणारी बाई बर दुबईत राहते. ती जेबेल अलीच्या गोदामापर्यंत जाईल का? किराणा दुकान गिऱ्हाइकाच्या दारातच लागतं, मग तिथला नियम सोपा असो की कडक.

आज तो ५१ टक्क्यांचा नियम बहुतेक धंद्यांना राहिलेला नाही. १ जून २०२१ पासून मेनलँडवरही बऱ्याचशा व्यवसायांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळते. तरीही एजंट लोक अजून 'मालकी हवी तर फ्री झोनच' असं सांगतात. कारण फ्री झोनचं पॅकेज विकायला सोपं असतं, त्यात कमिशन असतं. त्यांचा धंदा आहे तो, मी दोष देत नाही. पण त्यांचा धंदा आणि तुमचा धंदा यांत फरक आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

फ्री झोन म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत, कस्टमच्या दृष्टीनं शहराच्या बाहेर मानलेला भाग. तिथे माल आणून पुढे आफ्रिकेत किंवा सौदीला पाठवायचा असेल तर उत्तम. तोच माल दुबईच्या दुकानांत विकायचा असेल, तर मेनलँडमध्ये आणताना साधारण ५ टक्के कस्टम ड्युटी लागते आणि किरकोळ विक्रीला मेनलँडचा परवाना लागतो. २०२५ मध्ये दुबईनं फ्री झोनच्या कंपन्यांना वेगळा परवाना घेऊन मेनलँडवर काम करायची वाट काढून दिली आहे, पण म्हणजे पुन्हा वेगळा परवाना आणि त्याचा खर्च आलाच.

शून्य टक्क्याची गंमत

यूएईत २०२३ पर्यंत बहुतेक धंद्यांना कॉर्पोरेट टॅक्स नव्हताच. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून तो आला. ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के.

इथे थांबून हिशोब करू. दिरहमला २४ रुपये धरा. ३ लाख ७५ हजार दिरहम म्हणजे ९० लाख रुपये. विक्री नव्हे, नफा! तुमचा-माझा पहिल्या दोन-तीन वर्षांतला तिथला नफा ९० लाखांच्या वर जाणार आहे का? जात असेल तर अभिनंदन, मला पार्टी द्या. नसेल जात, तर मेनलँडवरही तुमचा तिथला टॅक्स शून्यच आहे. त्याशिवाय ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांना वेगळी सवलत आहे. ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांसाठी आहे.

मग फ्री झोनच्या शून्य टक्क्याचं काय? तो 'पात्र' उत्पन्नावरच मिळतो. थेट सामान्य माणसाला, म्हणजे घरच्या गिऱ्हाइकाला केलेली विक्री सहसा त्यात बसत नाही. हिशोब ऑडिट करून घ्यावे लागतात. आणि फ्री झोनचा शून्य टक्का घेणाऱ्याला ती छोट्या धंद्याची सवलत मिळत नाही. थोडक्यात, जाहिरातीतला शून्य ज्याच्यासाठी आहे तो बहुतेक वेळा आपला मसालेवाला नसतो.

अजून एक. टॅक्स शून्य असला तरी नोंदणी करावीच लागते. मुदतीत केली नाही तर १० हजार दिरहम दंड. विवरणपत्र वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत भरायचं. व्हॅट ५ टक्के आहे, तो १ जानेवारी २०१८ पासून. त्याची सक्तीची नोंदणी वर्षाला ३ लाख ७५ हजार दिरहमच्या विक्रीनंतर. आकडा तोच आहे, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. टॅक्ससाठी हा आकडा नफ्याचा आणि व्हॅटसाठी विक्रीचा, हे पाठच करून ठेवा.

तुम्ही राहणार कुठे? (लेखाचा मुख्य भाग हाच)

कंपनी दुबईला जाईल, पण मालक चांदीपलाच राहणार असेल, तर भारतातला कायदा मालकाला सोडत नाही. एजंटच्या माहितीपत्रकात हे पान नसतंच.

एक उदाहरण धरू. आपल्याकडचं एक मसाल्याचं कुटुंब. नवरा-बायको, दोघं इथेच राहणार. दुबईत कंपनी काढून २५ लाख रुपये भांडवल पाठवायचं आहे.

पहिलं, पैसा बाहेर जातानाच. इथे राहणारी व्यक्ती लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. मर्यादा भरपूर आहे, अडचण ती नाही. अडचण टीसीएसची. वर्षात १० लाखांच्या वर जेवढं पाठवाल त्यावर अशा गुंतवणुकीसाठी बँक २० टक्के कापते. २५ लाखांतले १५ लाख वर गेले, त्याचे २० टक्के म्हणजे ३ लाख रुपये. हा टॅक्स वाया जात नाही, तुमच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत हे ३ लाख अडकून पडतात. म्हणजे हातात २८ लाख हवेत तेव्हा २५ लाख पोचतात. ज्यांनी अगदी मोजून पैसे उभे केलेत त्यांची इथेच पंचाईत होते.

नवरा-बायको मिळून दोघांची मर्यादा वापरू म्हणाल, तर दोघंही त्या कंपनीत खरे भागीदार हवेत. नुसतं खातं वापरायला दिलं, असं चालत नाही.

दुसरं, रिझर्व्ह बँकेचे नियम. २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. पैसा पाठवायच्या आधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून यूआयएन नंबर घ्यावा लागतो. नंबर नाही तर भांडवल पाठवायचं नाही. एजंटची फी भरणं वेगळं आणि कंपनीच्या शेअरचे पैसे भरणं वेगळं. दोन्ही एकाच झटक्यात कार्डावरून उडवून मोकळे होऊ नका. पैसे पाठवल्यावर सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा बँकेत द्यायचा. मग दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवाल द्यायचा, ज्याला एपीआर म्हणतात. तो उशिरा दिला तर एका अहवालाला ७,५०० रुपये उशीर शुल्क. कंपनीनं काहीच धंदा केला नाही तरी अहवाल लागतोच.

व्यक्ती म्हणून गुंतवणूक करणाऱ्याला अजून काही बंधनं आहेत. ती परदेशी कंपनी खरोखर धंदा करणारी हवी. वित्तीय सेवा देणारी चालत नाही. तुमच्या ताब्यातल्या त्या कंपनीखाली आणखी उपकंपनी काढता येत नाही. आणि जागा विकत घेऊन विकायचा धंदा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय बंद. मी हे मुद्दाम सांगते, कारण वसई-विरार पट्ट्यात जागेच्या व्यवहारातले लोक खूप, आणि 'दुबईला कंपनी काढून फ्लॅट घेऊ-विकू' ही कल्पना महिन्यातून एकदा तरी माझ्या काउंटरवर येते.

तुमची इथे प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असेल तर वाट वेगळी आहे. तिथे मर्यादा नेट वर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत आणि उपकंपनीच्या बाबतीतही मोकळीक जास्त. पुढे वाढवायचं ठरलेलंच असेल तर आधी इथलं घर नीट बांधा, मग त्या घरातून तिकडे जा.

तिसरं, आयकर. कंपनीचा टॅक्स आणि मालकाचा टॅक्स या दोन गोष्टी आहेत. दुबईच्या कंपनीनं शून्य टॅक्स भरला. ठीक. पण तो नफा लाभांश म्हणून तुम्ही इकडे आणलात की तो तुमच्या इथल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. वरच्या स्लॅबला ३० टक्के, शिवाय सेस. त्या कंपनीतून पगार घेतलात आणि काम चांदीपला बसून केलंत, तर त्या पगारावरही इथेच कर. यूएईबरोबर भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९९३ पासून आहे. पण तिकडे टॅक्स भरलाच नाही तर इकडे वजावट कसली मिळणार? आणि तिकडे तोटा झाला तर? तो तोटा इथल्या दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कंपनी वेगळी व्यक्ती आहे ना!

कुणी तुम्हाला पीओईएमची भीती घालेल. म्हणजे कंपनी परदेशात पण तिचे मुख्य निर्णय भारतातून होतात, म्हणून ती भारतीय करदाती. हा नियम खरा आहे, पण २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना तो लावला जात नाही. तेव्हा आपल्यासारख्यांनी त्याची झोपमोड करून घेऊ नये. पण खरं काम, म्हणजे ऑर्डर घेणं, माल बनवणं, करार करणं, सगळं इथूनच होत असेल तर त्या कामाच्या नफ्यावर आयकर खातं हक्क सांगू शकतं. तो मुद्दा उरतोच.

चौथं, सांगणं. हे चुकतं तेव्हा सगळ्यात महाग पडतं. इथे रहिवासी असलेल्या माणसाला आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए भरून परदेशातले शेअर, खाती, सगळं दाखवावं लागतं. उत्पन्न शून्य असलं तरी! २०१५ च्या काळा पैसा कायद्याप्रमाणे न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून जागा-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे. आपल्या उदाहरणातले २५ लाख मात्र त्या रेषेच्या वर आहेत. आणि हो, सहज किंवा सुगम वाला फॉर्म, म्हणजे आयटीआर-१ किंवा ४, आता चालणार नाही. तुमचा नेहमीचा रिटर्न भरणारा माणूस हे सगळं करतो का, ते आधी विचारा.

आता चित्र असं झालं: इथली फर्म मसाला बनवते आणि स्वतःच्याच दुबईच्या कंपनीला विकते. हा व्यवहार आपल्याच दोन खिशांतला, म्हणून त्याचा दर बाजारभावानं लावला आहे, असा सीएचा वेगळा अहवाल दर वर्षी लागतो. रक्कम कितीही छोटी असो. सीए तो फुकट करत नाही.

आणि तुम्ही खरंच तिकडे राहायला जाणार असाल तर? मग वरचं बरंचसं बदलतं. वर्षात १८२ दिवसांच्या आत भारतात राहिलात तर साधारणपणे अनिवासी ठरता. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेल्या भारतीय नागरिकाला ही रेषा १२० दिवसांपर्यंत खाली येऊ शकते, आणि जगात कुठेच टॅक्स भरत नसेल तर अशा माणसाला भारताचा रहिवासी मानायचीही तरतूद आहे. सणावाराला, शेतीच्या कामाला, आईच्या आजारपणाला येऊन-जाऊन दिवस कसे भरतात ते कळत नाही. पासपोर्टवरचे शिक्के मोजत जा.

बाकीचे देश, थोडक्यात

सिंगापूर. कागदपत्रं स्वच्छ, बँका चांगल्या, नोंदणीची सरकारी फी ३१५ सिंगापूर डॉलर. टॅक्स १७ टक्के आणि नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं चांगली सूट. पण किमान एक डायरेक्टर तिथला रहिवासी लागतो, आणि सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. तिथलं कुणी ओळखीचं नसेल तर हे दोघंही दर वर्षी फी देऊन ठेवायचे. आशियातले मोठे सॉफ्टवेअरचे ग्राहक असतील तर परवडतं. पापड-लोणच्याला जड जातं.

इंग्लंड. डायरेक्टर तिथे राहायलाच हवा असं नाही, फक्त पत्ता तिथला हवा. नोंदणी स्वस्त. टॅक्स ५० हजार पौंडांच्या नफ्यापर्यंत १९ टक्के, अडीच लाखांच्या वर २५. इथे एक खाच आहे. तिथल्या धंद्याला ९० हजार पौंड उलाढालीपर्यंत व्हॅट नोंदणी लागत नाही, पण ज्याचा तिथे खरा ठिकाणाच नाही अशा बाहेरच्या विक्रेत्याला ही सूट नाही. पहिल्या विक्रीपासून व्हॅट. नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरची ओळख तपासणीही सक्तीची झाली आहे.

अमेरिका. सगळ्यांच्या तोंडी डेलावेअर. त्या राज्यात विल्मिंग्टन शहरात एक साधी इमारत आहे, १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट, आणि लाखो कंपन्यांचा पत्ता ती एकच आहे! मोठे गुंतवणूकदार घ्यायचे असतील तर डेलावेअर ठीक. पण टी-शर्ट विकायला एकट्याची एलएलसी काढलीत, तर दर वर्षी राज्याला ३०० डॉलर, आणि मालक परदेशी म्हणून फॉर्म ५४७२ भरावा लागतो. धंदा झाला नसला तरी मालकानं टाकलेला किंवा काढलेला पैसा त्यात दाखवायचा. नाही भरला तर दंड २५ हजार डॉलर. मी चुकून एक शून्य जास्त टाकलेलं नाही.

मॉरिशसचं नाव अजून ऐकू येतं. तिथे मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकातच गेली, त्यामुळे आपल्याला आपुलकी वाटते. पण कंपन्यांच्या जगात मॉरिशस गाजलं ते परदेशी पैसा भारतात आणायच्या वाटेमुळे, आणि त्या करारातली मोठी सवलत २०१६ च्या दुरुस्तीत गेली. आपला माल बाहेर विकण्याशी त्याचा संबंध नाही. बाकी सेशेल्स, ब्रिटिश व्हर्जिन बेटं वगैरे विसराच. अशा कंपनीला चांगल्या बँकेत खातं मिळवतानाच घाम फुटतो.

खात्यावरून आठवलं. कुठलाही देश असो, कंपनी तीन दिवसांत होते, बँक खातं होत नाही. बँक विचारते: गिऱ्हाईक कोण, माल काय, पैसा कुठून आला, तुम्ही इथे राहता का. परवाना हातात आणि खातं नाही, अशा अवस्थेत महिने जातात आणि परवान्याचं वर्ष मात्र पुढे सरकत राहतं. पैसे भरण्याआधी एजंटला लेखी विचारा की खात्याची जबाबदारी कुणाची. 'मदत करू' आणि 'करून देऊ' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेव्हण्याच्या नावावर करू का?

हा प्रश्न हळू आवाजात येतो. भाऊजी दुबईला आहेत, त्यांच्या नावावर कंपनी, पैसा आपला. नको. ज्याचा पैसा आणि ज्याचा फायदा तोच खरा मालक, हे भारतातला कायदाही म्हणतो आणि बँकाही. उद्या खातं गोठलं किंवा घरात वाजलं, तर तुमच्या हातात कागद काय? नात्याचा आणि पैशाचा, दोन्हीचा सत्यानाश.

याउलट भाऊजींचा पैसा, भाऊजींचे निर्णय, परवाना त्यांचा आणि ते तुमच्याकडून माल विकत घेतात, हे अगदी सरळ आहे. ते आयातदार, तुम्ही निर्यातदार. तिथे माणूस ओळखीचा नसेल तर गल्फ महाराष्ट्र बिझनेस फोरमसारख्या मराठी उद्योजकांच्या संस्था आहेत, तिथून शोधायला सुरुवात करता येते.

मुळात कंपनी हवीच का?

माझ्या दुकानात हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी सांगते, अजून नको. आधी इथूनच पाठवा. डीजीएफटीच्या साइटवर आयईसी नंबर ५०० रुपयांत मिळतो आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, विसरायचं नाही. जीएसटीत एलयूटी भरलं की निर्यातीवर टॅक्स न भरता माल जातो. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची, आणि पापड-लोणच्यासारख्या मालाला अपेडाची नोंदणी. यूएईला पाठवणाऱ्यांसाठी तर १ मे २०२२ पासून भारत-यूएई व्यापार करार लागू आहे. मालाला उगमाचा दाखला जोडला तर पुष्कळ वस्तूंवर तिकडची ड्युटी कमी किंवा शून्य होते. हा फायदा घ्यायला दुबईत कंपनी लागत नाही, तो भारतात बनलेल्या मालाला मिळतो. वाडा कोळम असो, घोलवडचे चिकू असोत की तुमचा मसाला.

दोन-तीन खेपा गेल्या, पैसे वेळेवर आले, तोच आयातदार पुन्हा मागू लागला, की मग बघा. तिकडे स्वतःचं गोदाम हवं, माणसं ठेवायची आहेत, मोठं सुपरमार्केट फक्त स्थानिक कंपनीकडूनच घेतं म्हणतंय, तुम्हाला स्वतःला व्हिसा घेऊन राहायचं आहे, अशी कारणं असतील तर कंपनी काढा. सॉफ्टवेअर आणि डिझाइनवाल्यांचं एक कारण वेगळं असतं, ते म्हणजे परदेशी पेमेंट गेटवे. ते खरं कारण आहे, पण फक्त तेवढ्यासाठी कंपनी काढण्याआधी इथल्या बँकेमार्फत पैसे घेऊन बघा आणि वर्षभराचे शुल्क जोडून बघा. बहुतेकांचा आकडा दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या वार्षिक खर्चापेक्षा कमी येतो.

बाहेर पडायचा खर्च

देश निवडताना हे कुणीच विचारत नाही. मोठ्यांचं उदाहरण घ्या. फोनपे आधी सिंगापूरची कंपनी होती. २०२२ मध्ये भारतात परत आणली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटींचा कर भरावा लागला. ग्रो अमेरिकेतून २०२४ मध्ये परत आली, सुमारे १,३४० कोटी. त्यांना परवडलं. आपल्या आकाराला हिशोब वेगळा, पण गोष्ट तीच. दुबईचा परवाना नुसता न भरता सोडून दिला तर दंड चढत राहतात, व्हिसा असेल तर तो आधी रद्द करावा लागतो, टॅक्सची नोंदणी काढावी लागते. डेलावेअरला ३०० डॉलर थकले की २०० डॉलर दंड आणि वर व्याज. इकडे रिझर्व्ह बँकेला गुंतवणूक काढून घेतल्याचं कळवायचं, आणि जो पैसा मिळेल तो ९० दिवसांत भारतात आणायचा.

म्हणून एजंटकडे बसाल तेव्हा पहिल्या वर्षाचं पॅकेज बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाचं बिल मागा. नूतनीकरण, ऑफिसचा पत्ता, हिशोबनीस, ऑडिट, बँकेतली किमान शिल्लक, सगळं धरून. मग कंपनी बंद करायचं बिल मागा. त्यात इथल्या सीएचा वर्षाचा खर्च मिळवा. हा आकडा तुमच्या तिकडच्या अपेक्षित नफ्याच्या शेजारी वहीत लिहा आणि घरात ज्यांचा पैसा लागणार आहे त्यांना ती वही दाखवा.

पुढच्या व्हिडिओत उगमाचा दाखला ऑनलाइन कसा काढायचा ते स्क्रीनवर दाखवणार आहे. तुमच्या मालाचा एचएस कोड शोधून ठेवा, आठ आकडी, त्याच्याशिवाय ते पान पुढे सरकत नाही.